लेकीला मॅकडॉवेल काउंटीत नोकरी: तिथले आकडे कसे वाचाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीची इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी संपत आली आहे. जे-१ व्हिसाच्या वेव्हरवर (म्हणजे शिक्षणानंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणाऱ्या सुटीवर) तिला वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीत तीन वर्षांची नोकरी मिळते आहे. तुम्ही नाशिकला बसून त्या काउंटीची माहिती वाचलीत आणि तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. लोकसंख्या जवळजवळ ९९ हजारांवरून १९ हजारांवर आलेली, तिघांतला एक जण गरिबीत, पुरुषांचं आयुर्मान ६४ वर्षं. "अशा ठिकाणी माणसं राहतात तरी का, आणि माझ्या मुलीनं तिथं जावं का," असं तुम्ही विचारलं आहे.

जायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. आकड्यांबद्दल मात्र मी बोलू शकते. गेली बावीस वर्षं मी अमेरिकेतल्या ग्रामीण काउंट्यांची लोकसंख्या, उत्पन्न आणि रोजगार यांचे प्रोफाइल तयार करते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं ॲपलेशियन डोंगरपट्ट्यात, म्हणजे मॅकडॉवेल ज्यात येते त्या पूर्व अमेरिकेतल्या पर्वतरांगेत, गेली. तुम्ही वाचलेले आकडे खरे आहेत, पण त्यातल्या बऱ्याच आकड्यांचा अर्थ तुम्ही लावलात तसा होत नाही. ही गरिबी मुळापासूनची नाही. या डोंगरांतून अमाप संपत्ती निघाली आणि बाहेर गेली. ते बाहेर जाणं डोळ्यांसमोर ठेवलं नाही, तर प्रत्येक आकडा तिथल्या माणसांवरचा आरोप वाटायला लागतो.

आधी जागा समजून घ्या. काउंटी म्हणजे आपला जिल्हा असं आपण सहज म्हणतो, पण आकारानं ती तालुक्याच्या जवळ जाते. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, एकट्या वेस्ट व्हर्जिनियात ५५. मॅकडॉवेलचं क्षेत्रफळ सुमारे १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, व्हर्जिनियाच्या सीमेवर. सपाट जमीन नावालाच. उभे डोंगर, त्यांच्यामधल्या अरुंद घळी, घळीत ओढा, ओढ्याला लागून रस्ता, रस्त्याला लागून रेल्वे आणि उरलेल्या पट्टीत घरं. वेल्च हे मुख्य ठिकाण, टग फोर्क नदी आणि एल्कहॉर्न ओढा यांच्या संगमावर वसलेलं. काउंटीतून एकही इंटरस्टेट महामार्ग जात नाही.

आता लोकसंख्या. तुम्ही दोनच आकडे पाहिलेत, १९५० आणि २०२०. मी कुठल्याही काउंटीची पूर्ण रांग मांडल्याशिवाय एक वाक्यही लिहीत नाही. मॅकडॉवेलची रांग अशी: १८८० साली ३,०७४, १९०० साली १८,७४७, १९१० साली ४७,८५६, १९२० साली ६८,५७१, १९३० साली ९०,४७९, आणि १९५० साली ९८,८८७. तिथून उतार. १९६० साली ७१,३५९, १९७० साली ५०,६६६, १९८० साली ४९,८९९, १९९० साली ३५,२३३, २००० साली २७,३२९, २०१० साली २२,११३ आणि २०२० साली १९,१११.

रांगेची दोन टोकं जुळवून पाहा. २०२०चा आकडा १९०० सालच्या आकड्याशी जवळजवळ जुळतो. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. १८८०च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या डोंगरांत शिरली ती पोकाहॉन्टस थरातल्या कोळशासाठी. शिकार आणि थोडीफार शेती करणाऱ्या तीन हजार लोकांच्या मुलखात खाणकंपन्यांनी गावंच्या गावं उभी केली. गॅरी हे गाव यूएस स्टीलनं आपल्या खाणींसाठी वसवलं आणि त्याला कंपनीच्या अध्यक्षाचं, एल्बर्ट गॅरींचं, नाव दिलं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, पिण्याच्या पाण्याची नळयोजनाही कंपनीची. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्यावर येणार आहे.

उताराकडे नीट पाहिलं तर तो सरळ नाही. सगळ्यात मोठी घट १९५० ते १९६० या दहा वर्षांत झाली: २७,५२८ माणसं कमी, म्हणजे जवळजवळ २८ टक्के. कोळसा संपला म्हणून ती गेली असा बहुतेकांचा समज असतो. कोळसा संपला नव्हता, माणसांची गरज संपली होती. १९५० साली खाणकामगार युनियनचे नेते जॉन एल. लुइस आणि खाणमालक यांच्यात करार झाला. मालकांना यंत्रं आणायला मोकळीक मिळाली, बदल्यात कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत टनामागे जाणारी रक्कम वाढली. कोळसा सलग कापत जाणारी यंत्रं आली आणि पूर्वी डझनभर माणसं जे काम करत ते मूठभर माणसं करू लागली. जे कामावर राहिले त्यांचं भलं झालं. बाकीच्यांनी डेट्रॉइट, क्लीव्हलंड, ॲक्रनची वाट धरली. मोटारी आणि टायर बनवणाऱ्या त्या शहरांच्या लोकसंख्येत मॅकडॉवेलची माणसं आहेत, फक्त मॅकडॉवेलच्या तक्त्यात ती दिसत नाहीत.

सत्तरच्या दशकात आकडा स्थिर दिसतो, कारण तेलाच्या संकटात कोळशाला पुन्हा भाव आला. मग ऐंशीच्या दशकात पोलाद उद्योग कोसळला, यूएस स्टीलनं इथल्या खाणी बंद केल्या आणि दहा वर्षांत आणखी २९ टक्के लोकसंख्या गेली. या वेळची माणसं जाताना घरं विकू शकली नाहीत, कारण घेणारं कुणी नव्हतं. म्हणून आज तक्त्यात एक चमत्कारिक जोडी दिसते: स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा चांगलंच वर, आणि त्या घरांची मधली किंमत पन्नास हजार डॉलरच्याही खाली. बँकेत गहाण ठेवून त्यावर व्यवसायाला कर्ज मिळेल असं ते घर नसतं, आणि विकून दुसऱ्या शहरात खोली घ्यावी तर तेवढे पैसे येत नाहीत. मालकी आहे, पण हलता येत नाही.

एक गोष्ट कुठल्याच सारांशात येत नाही म्हणून सांगते. ही काउंटी कधीही एकरंगी गोऱ्यांची नव्हती. खाणींसाठी दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबं आली, हंगेरी, इटली, पोलंडहून स्थलांतरित आले. १९५०च्या सुमाराला जवळजवळ एक चतुर्थांश लोक कृष्णवर्णीय होते. वेस्ट व्हर्जिनियात त्यांना मतदानाचा हक्क होता, त्यामुळे शेजारच्या व्हर्जिनियात जे शक्य नव्हतं ते इथं घडलं. कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर १९२८ साली राज्याच्या विधिमंडळात गेल्या. देशातल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी किंबलला पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं, ते आजही उभं आहे. तुमची मुलगी तिथं गेली तर तिनं ते बघावं.

आता आकडे वाचतानाचे सापळे. पहिला सापळा तुरुंगाचा.

वेल्चजवळ २०१०पासून केंद्र सरकारचा मोठा तुरुंग आहे, हजाराहून जास्त कैद्यांचा. शिवाय गावातल्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत राज्याचा एक तुरुंग आहे. अमेरिकेची जनगणना १ एप्रिलला माणूस जिथं राहतो तिथं त्याला मोजते, त्यामुळे कैदीही मॅकडॉवेलचे रहिवासी ठरतात. २०२०च्या १९,१११ मध्ये ते आहेत. म्हणजे दुकानात जाणारी, शाळेत मुलं पाठवणारी, दवाखान्यात येणारी लोकसंख्या त्याहून कमी आहे. तरुण पुरुषांचा आणि कृष्णवर्णीयांचा आकडा यामुळे फुगतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेगवेगळे तक्ते कैद्यांना वेगवेगळ्या रीतीनं धरतात. गरिबीचं प्रमाण काढताना ते वगळले जातात. दरडोई उत्पन्न काढताना मात्र भागाकारात खाली ते असतात. आणि सेन्ससच्या (जनगणना खात्याच्या) वार्षिक सर्वेक्षणात "१६ वर्षांवरच्या किती जणांना काम आहे किंवा काम हवं आहे" हे मोजताना त्यांना "श्रमबाजाराबाहेर" म्हणून धरतात. सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका तुरुंगवाल्या काउंटीचा अहवाल लिहिताना ही वजाबाकी केली नाही. अहवालात "निम्मे पुरुष काम शोधतच नाहीत" असं वाक्य गेलं आणि ते पुढे एका सभेत तिथल्याच लोकांच्या तोंडावर फेकलं गेलं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

मॅकडॉवेलमध्ये हे श्रमबाजारातल्या सहभागाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आहे, देशात त्रेसष्टच्या आसपास. कैदी वजा केले तरी दरी मोठीच राहते. ती का आहे? पाचातल्या एकाहून जास्त जणांनी पासष्टी ओलांडलेली आहे. खाणीत पाठ, गुडघे आणि फुप्फुसं गमावलेल्या माणसांचा मोठा वर्ग अपंगत्वाच्या भत्त्यावर आहे. जे धडधाकट आणि तरुण होते ते काम शोधायला आधीच बाहेर गेले, त्यामुळे मागे उरलेल्यांची सरासरी आपोआप खाली आली. लोक आळशी झाले असं याला म्हणता येत नाही. लोकसंख्येच्या गणितातून हेच निघणार होतं.

याच्याच उलटा सापळा बेरोजगारीच्या दराचा. तो बऱ्याचदा इतका भयानक दिसत नाही, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की चाललंय बरं. समजा शंभर प्रौढ आहेत. त्यातल्या तिसांना काम आहे किंवा ते शोधत आहेत. त्या तिसांतले दोघं शोधत आहेत. बेरोजगारी निघाली सहा-सात टक्के. उरलेले सत्तर जण त्या दरात कुठेच नाहीत. म्हणून कोळसापट्ट्यातल्या काउंटीसाठी मी बेरोजगारीचा दर एकटा कधीच छापत नाही.

उत्पन्नाकडे येऊ. मधलं कौटुंबिक उत्पन्न तीस हजार डॉलरच्या आसपास आहे, देशात पंचाहत्तर हजारांच्या वर. हा आकडा एका वर्षाचा नसतो हे लक्षात घ्या. ज्या भागाची लोकसंख्या ६५ हजारांच्या खाली आहे त्यासाठी सेन्ससचं सर्वेक्षण पाच वर्षांची माहिती एकत्र करून आकडा देतं, आणि त्याला मोठं मार्जिन ऑफ एरर असतं, म्हणजे खरा आकडा बराच वर किंवा खाली असू शकतो. गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करून "उत्पन्न दोन हजारांनी वाढलं" म्हणण्यात काही अर्थ नसतो, कारण दोन्ही आकड्यांतली चार वर्षं तीच असतात.

त्याहून बोलका प्रश्न म्हणजे पैसा येतो कुठून. मॅकडॉवेलमध्ये एकूण वैयक्तिक उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग सरकारी हस्तांतरणातून येतो: सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), अपंगत्व भत्ता, मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा), मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), अन्नमदत. हे वाचून "सरकारवर जगणारी काउंटी" असं म्हणायचा मोह होतो. पण मेडिकेअर आणि मेडिकेडचे पैसे त्या माणसाच्या हातात कधीच पडत नाहीत, ते रुग्णालयाकडे जातात. तरी राष्ट्रीय हिशेबाच्या पद्धतीत ते त्याचंच उत्पन्न मानलं जातं. म्हातारं आणि आजारी गाव त्यामुळे कागदावर आहे त्यापेक्षा जास्त पैसेवालं दिसतं. सोशल सिक्युरिटी तर माणसानं पगारातून भरलेल्या करावर मिळते.

अन्नमदतीचा इथला इतिहास मोठा आहे. १९६० साली प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या निवडणुकीच्या) प्रचारात जॉन केनेडी इथल्या खाणवस्त्यांत फिरले. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काढलेला पहिला आदेश गरजूंना जास्त धान्य वाटण्याबद्दलचा होता. २९ मे १९६१ रोजी वेल्चमध्ये नव्या योजनेतले पहिले फूड स्टॅम्प (धान्य घेण्याची कुपनं) दिले गेले, तेरा मुलं असलेल्या एका बेकार खाणकामगाराच्या कुटुंबाला. देशाचा सगळ्यात मोठा अन्नमदतीचा कार्यक्रम इथून सुरू झाला, आणि त्याच्या अकराच वर्षं आधी हीच काउंटी देशातल्या अव्वल कोळसा उत्पादकांत होती. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्याशिवाय मॅकडॉवेल समजत नाही.

मग पैसा गेला कुठे? इथं जमिनीचा तक्ता लागतो, आणि तो कुठल्याही तयार प्रोफाइलमध्ये नसतो. ॲपलेशियातल्या ८० काउंट्यांचा जमीनमालकीचा मोठा अभ्यास १९८०च्या सुमाराला झाला, स्थानिक लोकांनी स्वतः कचेऱ्यांतली दप्तरं चाळून केलेला. खनिजहक्कांचा फार मोठा भाग बाहेरच्या मालकांकडे असल्याचं त्यातून निघालं. २०१३ साली वेस्ट व्हर्जिनियापुरता असाच अभ्यास झाला, तेव्हा दक्षिणेतल्या काही काउंट्यांत, ज्यात मॅकडॉवेल आहे, पहिल्या दहा मालकांकडेच खासगी जमिनीचा किमान निम्मा भाग असल्याचं दिसलं. वर जमीन एकाची आणि खाली कोळसा दुसऱ्याचा, हा प्रकारही इथं सर्रास आहे. रेल्वे येण्याच्या सुमाराला खनिजहक्क कवडीमोलानं विकले गेले होते.

याचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. शाळेचा एक मोठा आधार मालमत्ता कर असतो, त्यामुळे जमिनीचं मूल्यांकन कमी झालं की शाळा गरीब राहते. राज्यानं २००१ ते २०१३ या काळात इथल्या शाळांचा कारभार स्वतःच्या ताब्यात घेतला होता. कोळशावर राज्याचा उत्खनन कर आहे, सामान्य दर पाच टक्के, पण त्यातला फारच छोटा वाटा काउंटीकडे परत येतो. नवं घर बांधायचं तर पुराच्या रेषेबाहेर सपाट जागा मिळत नाही, आणि जी आहे ती बऱ्याचदा कुठल्या तरी कंपनीच्या नावावर असते. शिक्षकांना राहायला जागा नाही म्हणून शिक्षक टिकत नाहीत, हे तिथं उघडपणे मान्य केलं जातं, आणि त्यासाठी वेल्चमध्ये खास इमारत बांधावी लागली. आणि ती पाण्याची योजना: कंपनी गेली, नळ राहिले. शंभर वर्षांपूर्वीचे पाइप सांभाळायला पैसा नाही, म्हणून काही वस्त्यांत पाणी उकळून पिण्याच्या सूचना वर्षानुवर्षं चालू राहिल्या.

कोळसा आजही निघतो, हे तुम्हाला कदाचित नवं असेल. इथला कोळसा वीज बनवण्यासाठी जाळायचा नाही, तो पोलादासाठी कोक बनवायला लागणारा उत्तम प्रतीचा आहे. त्याचा भाव पोलादाच्या बाजारावर हलतो, आणि अमेरिकेच्या कोकिंग कोळशाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत भारत आहे. आपल्याकडच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली की या घळींत ओव्हरटाइम मिळतो. खाणीतला पगार चांगला आहे, पण नोकऱ्या थोड्या. त्यामुळे "काउंटीतल्या नोकऱ्यांचा सरासरी पगार" हा आकडा बराच वर दिसतो, आणि तो फसवा आहे. तो नोकरी जिथं आहे तिथं मोजला जातो, कामगार जिथं राहतो तिथं नाही. बरेच जण शेजारच्या काउंटीतून किंवा सीमेपलीकडून गाडीनं येतात आणि पगार घेऊन परत जातात. शिवाय एखाद्या क्षेत्रात दोन-तीनच मालक असले तर गोपनीयतेसाठी तो आकडा छापलाच जात नाही. लहान काउंट्यांच्या तक्त्यात अशा रिकाम्या चौकटी भरपूर असतात, आणि अनेक जण त्यांना शून्य समजतात.

खासगी क्षेत्र किती पातळ आहे हे २०१६ साली दिसलं. किंबलचं वॉलमार्ट दहाएक वर्षं चालून बंद झालं आणि सुमारे १४० नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. काउंटीतल्या मोठ्या खासगी मालकांपैकी ते एक होतं. त्याहून मोठा फटका ताज्या भाजीला बसला, आणि तिथल्या अन्नवाटप केंद्रांना त्या दुकानातून मिळणारं उरलेलं अन्नही थांबलं. आता शाळा, तुरुंग, रुग्णालय, काउंटीचं सरकार आणि खाणी हे मुख्य आधार आहेत. त्यात हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्सची भर पडली आहे. जुन्या खाणरस्त्यांवर चारचाकी डोंगरी बाइक चालवायला दूरदूरचे लोक येतात, रिकाम्या घरांची पर्यटकांसाठी दुरुस्ती होते आहे. मला त्यात खरी आशा दिसते, पण तो हंगामी धंदा आहे आणि खाणीतल्या एका पगाराची जागा भरायला त्यातल्या कितीतरी नोकऱ्या लागतात.

आता आयुर्मान, कारण तुमची झोप उडाली ती तिथं. २०१०चे आकडे आहेत ते. पुरुषांचं ६३.९ वर्षं, त्या वर्षी देशात सगळ्यात कमी. त्याच यादीत व्हर्जिनियातली फेअरफॅक्स काउंटी वरच्या टोकाला, पुरुषांचं जवळजवळ ८२. दोन्हींमधलं अंतर गाडीनं एका दिवसाचं. आयुर्मान म्हणजे तिथला पुरुष ६४व्या वर्षी मरतो असं नाही. तिशी-पन्नाशीतले मृत्यू ही सरासरी खाली ओढतात: ओपिऑइड (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्या आणि त्यानंतर आलेले अमली पदार्थ, अपघात, लवकर येणारा हृदयविकार, मधुमेह. आणि इथंही निवड आहेच, निरोगी तरुण बाहेर गेले आहेत. तिथं राहायला आल्यामुळे तुमच्या मुलीचं आयुष्य कमी होणार नाही. मात्र तिचे रुग्ण तिच्या वर्गमित्रांच्या रुग्णांपेक्षा जास्त आजारी असतील, हे नक्की.

कोळशाच्या धुळीनं होणारा काळ्या फुप्फुसाचा आजार जुन्या काळातला, असं ती पुस्तकातून शिकली असेल. तसं नाही. मध्य ॲपलेशियात २५ वर्षांहून जास्त खाणीत काढलेल्या पाचातल्या एका कामगाराला तो असल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, आणि तरुण कामगारांतही गंभीर स्वरूपाचा आढळू लागला आहे. जाड थर संपले, पातळ थर कापताना दगडही कापला जातो आणि त्यातली सिलिका फुप्फुसात जाते. या आजारासाठी केंद्राचा भत्ता आहे, पण तो मिळवायला वैद्यकीय पुरावा लागतो, आणि समोर कंपनीचे वकील असतात. तिनं व्यवस्थित लिहिलेली नोंद एखाद्या कुटुंबाचं पुढचं आयुष्य ठरवू शकते.

एका बाबतीत मात्र चित्र बरं आहे. वेस्ट व्हर्जिनियानं २०१४ साली मेडिकेडचा विस्तार केला, त्यामुळे इतकी गरिबी असूनही विमा नसलेल्यांचं प्रमाण विस्तार न करणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांपेक्षा बरंच कमी आहे. रुग्णाला औषध लिहून दिलं तर ते त्याला मिळण्याची शक्यता आहे. डॉक्टरसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

वेव्हरबद्दल थोडं. १९९४पासून प्रत्येक राज्याला अशा डॉक्टरांसाठी वर्षाला ठरावीक जागा मिळतात, सुरुवातीला २० होत्या, आता ३० आहेत, आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्ण वेळ काम करावं लागतं. ॲपलेशियन रीजनल कमिशनचा स्वतःचा वेगळा मार्गही आहे. हे कमिशन १९६५ साली स्थापन झालं, १३ राज्यांच्या डोंगरपट्ट्यासाठी, आणि वेस्ट व्हर्जिनिया हे एकच राज्य त्यात संपूर्ण येतं. मॅकडॉवेलला ते "संकटग्रस्त" वर्गात ठेवतं, म्हणजे देशातल्या सर्वात खालच्या दहा टक्के काउंट्यांत. ही वर्गवारी काढताना कमिशन सरकारी हस्तांतरण वगळून उरलेलं उत्पन्न बघतं, जे मला जास्त प्रामाणिक वाटतं. या पट्ट्यातल्या दवाखान्यांत भारतीय डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काही जण तीन वर्षांसाठी आले आणि तीस वर्षं राहिले. तुमची मुलगी तिथं अनोळखी पाहुणी ठरणार नाही.

करारावर सही करण्याआधी तिनं काही गोष्टी विचाराव्यात. रुग्णांपैकी मेडिकेअर, मेडिकेड आणि खासगी विम्याचे किती, कारण त्यावर दवाखाना तीन वर्षं टिकेल की नाही हे ठरतं. गेल्या पाच वर्षांत किती डॉक्टर आले आणि किती मुदत संपताच गेले. रात्री हृदयविकाराचा रुग्ण आला तर त्याला कुठे हलवतात आणि हिवाळ्यात किती वेळ लागतो. आणि तिनं एकदा स्वतः जाऊन यावं. ब्लूफील्डहून ५२ क्रमांकाच्या रस्त्यानं नॉर्थफोर्क, कीस्टोन, किंबल करत वेल्चला जावं, घाई न करता, वाटेत कुठेतरी थांबून जेवावं. तो रस्ता तिला माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगेल.

घर भाड्यानं घेताना मात्र उतावीळ होऊ नका. २००१ साली पूर आला, २००२ साली पुन्हा आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वेल्चमध्ये परत पाणी शिरलं. ओढ्यालगतची घरं स्वस्त असतात आणि फोटोत छान दिसतात. त्या गल्लीत दोन दारं वाजवून २०२५ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते तिला विचारायला सांगा. ते लोक आत बोलावतील आणि सगळं सांगतील.